रयत, कळप आणि पाळक

महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'ख्रिस्ती सेवाकार्यातील करुणा आणि नेतृत्व' या विषयावर अभ्यासलेख लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम थोडे थबकलो. आम्ही धर्माने मुसलमान आणि पेशाने शाळामास्तर. बी. ए., बी. एड. झालो खरे, परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्राचे रीतसर अध्ययन आम्ही केलेले नाही. पुढे विषय मनात घोळवू लागलो, तसतसे ध्यानात आले की या विषयाची किल्ली धर्मशास्त्रापेक्षा एका साध्या शब्दात आहे, आणि तो शब्द आमच्याही घरचा आहे. म्हणून लेखणी हाती धरली.

मराठी ख्रिस्ती बांधव आपल्या धर्मोपदेशकास 'पाळक' म्हणतात आणि त्याच्या हवाली असलेल्या समाजास 'मंडळी'. इंग्रजीतला 'पास्टर' हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मेंढपाळ. आपण सर्रास वापरतो तो 'पादरी' मात्र पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ बाप. उर्दू बोलणारे ख्रिस्ती 'पासबान' म्हणतात, म्हणजे राखण करणारा. आता अरबीकडे वळू. अरबीत मेंढपाळास 'राई' म्हणतात आणि त्याने राखलेल्या कळपास 'रईयत'. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'रयत' झाला. शिवकालीन पत्रांत जी रयत भेटते, रयतवारीच्या पद्धतीत जी रयत आहे, ती शब्दाच्या मुळाशी गेल्यास कुणाच्या तरी राखणीत असलेला कळप होय. शतकानुशतके आपण हा शब्द वापरीत आलो, परंतु त्यात मेंढपाळाची काठी दडलेली आहे याची आठवण फारशी कुणास राहिली नाही.

आमच्या हदीस-ग्रंथांत पैगंबरसाहेबांचे एक प्रसिद्ध वचन आहे. त्याचा आशय असा की, तुम्हांपैकी प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकास त्याच्या कळपाविषयी जाब द्यावा लागेल. राज्यकर्त्यास प्रजेविषयी, पुरुषास कुटुंबाविषयी, स्त्रीस तिच्या घराविषयी. इतकेच नव्हे, तर नोकरालाही धन्याच्या मालमत्तेविषयी. या यादीत राजा आणि नोकर एकाच ओळीत बसविले आहेत, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. राखण हे मोठ्या पदाचे भूषण नसून ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही सोपविलेले आहे त्या प्रत्येकाचे ते देणे आहे.

इंदूरकरांस मेंढपाळाचे महत्त्व पटवून देण्याची गरज खरे तर नसावी. ज्या होळकरांची ही राजधानी आणि ज्या तुकोजीरावांच्या नावाने आपले तुकोगंज वसले, त्यांचे मूळपुरुष सुभेदार मल्हारराव धनगराच्या घरात जन्मले. लहानपणी मेंढरे राखणाऱ्या त्या मुलाच्या गोष्टी आमच्या शाळेतील मुले आजही आवडीने ऐकतात. त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई १७९५ साली निवर्तल्या. सव्वादोनशे वर्षे उलटली तरी लोक त्यांस 'मातोश्री'च म्हणतात. लोकांनी त्यांच्या लढायांपेक्षा त्यांचे घाट, विहिरी आणि धर्मशाळाच अधिक ध्यानी ठेवल्या.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. आम्ही मुसलमान ज्यांस हजरत ईसा म्हणतो त्या येशू ख्रिस्तांनी सांगितलेला शंभर मेंढरांचा दृष्टांत बहुतेकांच्या कानांवरून गेला असेल. एकाची शंभर मेंढरे होती. एक हरवले. तेव्हा तो नव्याण्णव मेंढरे रानात सोडून त्या एकाच्या शोधास निघाला आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन आला. व्यवहारी माणसास हा हिशेब तोट्याचा वाटेल, आणि व्यवहाराच्या वहीत तो तोट्याचाच आहे. मात्र शाळामास्तराला हा दृष्टांत चटकन उमगतो. आमच्या हाती रोज हजेरीपट असतो. पन्नास मुलांच्या वर्गात एकोणपन्नास हजर असली की वर्ग भरल्यासारखा दिसतो. उरलेल्या एका नावापुढे 'गैरहजर' असा शेरा मारून धडा पुढे नेता येतो. ते मूल आजारी आहे, की बापाबरोबर कामावर गेले, की घरात फी भरण्यास पैसे नाहीत म्हणून लाजेने लपून बसले, हे पटावर उमटत नाही. ते कळण्यास त्याच्या घरी जावे लागते.

योहानाच्या शुभवर्तमानात याच विषयाची दुसरी बाजू आहे. तेथे चांगला मेंढपाळ आणि भाडोत्री राखणदार यांची तुलना आहे. लांडगा आला की भाडोत्री पळतो, कारण मेंढरे त्याची नव्हेत. हे वाचताना आम्ही, पगार घेऊन शिकविणारे, मनातून थोडे चपापतो. पगार घेणारा तो सारा भाडोत्रीच का? याचे उत्तर आम्हांस आमच्या परंपरेत सापडले. हजरत मूसा मदयन येथे आले, तेव्हा पाणवठ्यावर दांडग्या मेंढपाळांच्या गर्दीमुळे दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूस उभ्या होत्या. त्यांच्या जनावरांना त्यांनी आधी पाणी पाजले, आणि मग त्याच घरी आठ-दहा वर्षांच्या कराराने राखणीचे काम पत्करले. पैगंबरसाहेबांनीही तरुणपणी मक्केच्या लोकांची शेळ्यामेंढरे अल्प मजुरीवर राखल्याचे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा मजुरी घेण्यात कमीपणा नाही. लांडगा आल्यावर तो कोठे उभा राहतो, एवढे पाहावे.

यहुदी आणि ख्रिस्ती या दोहोंस मान्य असलेल्या जुन्या करारात यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याचा एक अध्याय आहे. त्यात राखणदारांची जी कानउघाडणी केली आहे ती कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीने वर्षातून एकदा वाचावी अशी आहे. तुम्ही लोकर पांघरता, चरबी खाता, परंतु दुबळ्यास बळ दिले नाही, मोडलेल्यास पट्टी बांधली नाही, भरकटलेल्यास माघारी आणले नाही, असा त्या आरोपांचा रोख आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, यात चोरीचा आरोप मुख्य नाही. न केलेल्या कामांचीच यादी मोठी आहे.

ही शिकवण आचारात कशी आणावी याचा विचार ख्रिस्ती मंडळीत फार पूर्वीपासून झाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचे पोप ग्रेगरी पहिले यांनी पाळकांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग एकाच गोष्टीस वाहिलेला आहे: माणसे निरनिराळी असतात, म्हणून त्यांस बोध करण्याची तऱ्हाही निराळी असावी. गरिबाशी एक तऱ्हा, धनिकाशी दुसरी. उतावळ्याशी एक, भित्र्याशी दुसरी. अशा कितीतरी जोड्या त्यांनी मांडल्या आहेत. आम्हांस अध्यापनाच्या प्रशिक्षणात 'व्यक्तिभेद' या मथळ्याखाली जे शिकविले गेले, ते हेच. हे ग्रेगरी स्वतःस देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडात किडरमिन्स्टर या गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होऊन गेले. ते आणि त्यांचे साहाय्यक आठवड्यातले दोन दिवस केवळ कुटुंबांच्या भेटीसाठी राखीत, आणि या क्रमाने वर्षाकाठी सुमारे आठशे कुटुंबांशी त्यांचे समोरासमोर बोलणे होई. त्यांचे अनुभवाचे पुस्तक १६५६ साली निघाले. व्यासपीठावरून शेकडो प्रवचने ऐकूनही जे माणसाच्या गळी उतरत नाही, ते घरी अर्धा तास बसून बोलल्याने उतरते, असा त्यांचा अनुभव होता. शाळेच्या पालकसभा आणि पालकांच्या घरची भेट यांतील अंतर ज्यास ठाऊक आहे, त्यास हे निराळे सांगावयास नको.

परदेशांतील उदाहरणे पुरेत. मराठी वाचकांस या विषयाचा जिवंत नमुना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात पाहावयास मिळतो. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची मुख्य कर्मभूमी झाली. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळीत जी भजने आजही गायिली जातात त्यांतील शंभराहून अधिक त्यांची आहेत. परक्या चालींवर गाणारा समाज त्यांनी अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणावर आणला. मराठी माणसाच्या काळजाशी बोलावयाचे तर मराठी सुरातच बोलले पाहिजे, हे त्यांनी जाणले.

आम्हांस त्यांच्या चरित्रातला बालकवींचा भाग फार मोलाचा वाटतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा खानदेशातला कोवळा मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सर्वांच्या नजरेत भरला. टिळकांनी त्यास आपल्या छायेखाली घेतले आणि अहमदनगरास आपल्या घरी मुलासारखे ठेविले. हळव्या, हट्टी, क्षणात रुसणाऱ्या आणि क्षणात खुलणाऱ्या त्या मुलाचे लाड आणि कौतुक लक्ष्मीबाईंनी कसे केले, हे 'स्मृतिचित्रे'त आले आहे. बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तरी टिळकांच्या घरातील त्यांची जागा अखेरपर्यंत त्यांचीच होती. पाळकाच्या कळपाची वेस कोठे संपते, याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही प्रवेश होता. परक्या पैशावर पोसलेली मंडळी आपल्या पायांवर उभी राहणार नाही, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, म्हणून दरबाराचा प्रयोग फार काळ त्यांच्या हाताखाली चालला नाही.

मात्र टिळकांचे गुणगान करताना लक्ष्मीबाईंचा शब्दही ऐकला पाहिजे. जगाच्या दुःखाने द्रवणारा हा पुरुष घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता हातचे देऊन टाकी. न सांगता निघून जाई. त्यांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंनी लहान मुलासह जी वर्षे एकटीने काढली ती वाचताना हसू आणि आसू एकदमच येतात, कारण लिहिणारी बाई मोठी विनोदी आहे. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही आपल्या विचाराने आणि आपल्या वेळी. सेवाकार्यात नाव झालेल्या पुष्कळ गृहस्थांच्या घरी हीच कथा असते. बाहेर सर्वांना मिळणारा वेळ घरच्यांनाच मिळत नाही. वर सांगितलेल्या हदीसमध्ये पुरुषास कुटुंबाचा जाब आहे, तो याकरिताच असावा. ट्रस्टच्या सभासदांच्या गृहिणी हा परिच्छेद आपापल्या यजमानांस वाचून दाखवतील, अशी आम्हांस आशा आहे.

पंडिता रमाबाईंचे कार्य बहुतेक वाचकांस ठाऊक असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. दोनच गोष्टी सांगतो. रमाबाईंनी उपासमार पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले आणि त्या स्वतः भावासह पायी देशभर हिंडल्या. म्हणूनच १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्यात बसून वर्गणी गोळा करीत राहिल्या नाहीत. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. तेथे आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, वृद्ध व अपंगांसाठी प्रीति सदन होते. एकाच छपराखाली सर्वांस कोंबले नाही; ज्याची जशी जखम तशी त्यास जागा दिली. ग्रेगरींच्या ग्रंथाची आठवण होते ती येथे.

दुसरी गोष्ट भाषेची. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि ते मुक्तिसदनातल्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून जुळविले गेले. संस्कृतात वादविवाद करून 'सरस्वती' पदवी मिळविलेल्या या विदुषीने भाषांतर मात्र साध्या मराठीत केले, कारण ते खेड्यातल्या मुलीस कळावयास हवे होते. नाही तर आपले अर्जाचे नमुने पाहावेत. शिष्यवृत्तीचा असो वा औषधोपचाराच्या मदतीचा, ज्या विधवेने तो भरावयाचा तिला त्यातले अर्धे शब्द कळत नाहीत, आणि मग तो भरून घेण्यासाठी तिला कुणाच्या तरी दारात ताटकळावे लागते. सार्वजनिक संस्थांनी या बाबतीत रमाबाईंकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

अशीच एक शिकण्याजोगी गोष्ट गुप्ततेची. कॅथलिक धर्मगुरूपुढे कबुलीजबाब देताना माणूस जे सांगतो ते धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर फोडावयाचे नसते. उजव्या हाताने दिलेले डाव्यास कळू नये, ही शिकवण शुभवर्तमानातही आहे आणि हदीसमध्येही आहे. आमचे मत स्पष्ट विचाराल तर देणगीदारांची नावे स्मरणिकेत हवी तेवढी ठळक छापावीत. परंतु शिवणयंत्र किंवा वह्या स्वीकारणाऱ्या मुलींची छायाचित्रे छापू नयेत. ती मुलगी उद्या मोठी होईल, आणि हा अंक कुणाच्या तरी कपाटात राहील.

येथे सुज्ञ वाचकांच्या मनात एक शंका उभी राहणारच, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सारे धर्मांतरासाठीच नव्हे काय? शंका जुनी आहे. १८९३ च्या सुमारास रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात मोठे वादळ उठले. आपल्या भागातही १९५४ साली, नागपूर ही राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली धर्म स्वातंत्र्य अधिनियम झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. भुकेल्याच्या पानात वाढताना त्याच्या श्रद्धेवर डोळा ठेवणे आम्हांस गैर वाटते, मग वाढणारा कोणत्याही धर्माचा असो. उलट, वाढणारा परधर्मीय आहे एवढ्यावरून त्याच्या हातावर संशय घेणे, आणि आपण स्वतः मात्र रिकामे ताट पाहत बसणे, हेही आम्हांस तितकेच गैर वाटते. ज्यांस शंका आहे त्यांनी भुकेल्याकडे आधी पोहोचावे. त्यांस कुणी अडविलेले नाही.

आता आपल्याच शेजारची हकीकत सांगतो. ती सांगावी म्हणूनच खरे तर हा लेख लिहिला.

इंदूरच्या लगत देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचे गाव आहे. आसपास आदिवासी आणि भूमिहीन मजुरांची वस्ती. १९९२ साली तेथे सिस्टर राणी मारिया नावाच्या जोगीण आल्या. केरळातील पुल्लुवळी गावी, शेतकऱ्याच्या घरात, २९ जानेवारी १९५४ रोजी त्यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघात त्यांनी व्रते घेतली होती. आधी उत्तर प्रदेशात बिजनौरला आणि मग सतना भागात काम करून त्या येथे आल्या. त्यांच्याकडे कोणतेही मोठे पद नव्हते. त्या खेड्यांतून पायी हिंडत, घरांत बसत आणि ऐकत.

ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले की या घरांच्या दुःखाचे मूळ कर्जात आहे. ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांस हे चक्र माहीत आहे. पावसापूर्वी बियाण्यासाठी सावकाराकडून उचल घ्यावयाची. पीक आले की ते त्याच्याच भावाने त्याच्याच दारात घालावयाचे. व्याज फिटता फिटता पुन्हा मृगाचे ढग दिसू लागतात आणि पुन्हा उचल. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या अंगठ्यावर काय लिहिले आहे हेही ठाऊक नसते. राणी मारियांनी यावर प्रवचन केले नाही. सरकारच्या योजना कोणत्या, बँकेचे कर्ज कसे मिळते, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो, हे त्यांनी स्वतः समजून घेतले आणि लोकांना समजावून दिले. लोकांस एकत्र बसविले, थोडेथोडे शिल्लक टाकावयास शिकविले, आपले हक्क मागावयास शिकविले. बँकेच्या कर्जाला धर्म नसतो. ते घेण्यास कुणाला देव बदलावा लागला नाही. परंतु सावकारी ज्यांच्या हाती होती त्यांच्या दारातली रांग कमी होऊ लागली, आणि ते त्यांस मानवले नाही.

२५ फेब्रुवारी १९९५. त्या दिवशी सकाळी राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसल्या. त्याच बसमध्ये समंदर सिंग नावाचा तरुण होता. वाटेत त्याने त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यास आरंभ केला. त्यांस बसबाहेर ओढले आणि रस्त्यावर वार करीतच राहिला. अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. बसमध्ये इतर प्रवासी होते. राणी मारिया एकेचाळीस वर्षांच्या होत्या. उदयनगरलाच त्यांचे दफन झाले.

समंदर सिंग पकडला गेला आणि त्यास जन्मठेप झाली. येथवरची हकीकत वर्तमानपत्री आहे. अशा हकीकती दुर्दैवाने पुष्कळ असतात. शंभर मेंढरांचा दृष्टांत येथून पुढे सुरू होतो, आणि त्यातील हरवलेले मेंढरू कोण, हे ओळखण्यास आम्हांसही थोडा वेळ लागला.

केरळातलेच एक कॅथलिक धर्मगुरू संन्याशाच्या वेषात, स्वामी सदानंद या नावाने मध्यप्रदेशात राहात. ते तुरुंगात समंदर सिंगला भेटावयास गेले. पुन्हा गेले. जाण्यात त्यांचा लाभ काही नव्हता, आणि समंदर सिंगचे मन त्या वेळी पश्चात्तापापेक्षा सूडानेच भरलेले होते. ज्यांनी आपल्याला पुढे घातले ते मोकळे आणि आपण आत, असा त्याचा संताप होता. ते हळूहळू उकलत गेले. पाळकाचे काम काय असते असे आम्हांस कुणी विचारले तर आम्ही या तुरुंगभेटींकडे बोट दाखवू. यात भाषण नाही, सभा नाही, ठराव नाही. एक माणूस ठरलेल्या वारी दुसऱ्याच्या गजांपाशी जाऊन बसतो, एवढेच आहे.

राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सेल्मी पॉल याही त्याच संघात जोगीण आहेत. २००२ साली त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्यास त्यांनी राखी बांधली. केरळातल्या एका ख्रिस्ती जोगिणीने क्षमा करावयाची ठरविली, तेव्हा तिला मध्यप्रदेशच्या घराघरातला धागा सापडला, याचे आम्हांस फार नवल वाटते. क्षमेचा शब्द समंदर सिंगच्या कानी पूर्वीही पडला असेल. राखी मात्र त्याच्या भाषेतली होती. टिळकांचे अभंग आणि रमाबाईंचे साधे मराठी ज्या जातीचे, त्याच जातीची ही गोष्ट. भाऊ झाल्यावर बहिणीची राखण त्याच्याकडे आली. ज्याला लांडगा म्हणावयाचे त्यालाच राखणदार करून सोडले.

सर्वांनी हे आनंदाने केले असेल असे समजू नये. लेक गमावलेल्या आईबापांस हे पचविण्यास किती रात्री लागल्या असतील, याची कल्पना मुलेबाळे असलेल्या वाचकांनीच करावी. क्षमा म्हणजे गुन्हा विसरणे नव्हे. समंदर सिंगने अकरा वर्षे तुरुंगवास भोगलाच. आमच्याही धर्मात खुनाच्या बदल्याचा हक्क वारसांस आहे, आणि त्यांनी तो सोडून क्षमा करणे अधिक पुण्याचे मानले आहे. हक्क असतो म्हणूनच तो सोडण्यास किंमत येते. जो वारस नाही त्याने दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटीत हिंडू नये, आणि वारसावर ती लादूही नये; उदयनगरच्या बाबतीत वारस स्वतः पुढे झाले म्हणून ती खरी.

राणी मारियांच्या कुटुंबाने समंदर सिंगच्या सुटकेस आपली संमती दिली आणि २००६ साली तो तुरुंगातून बाहेर आला. सुटल्यानंतर तो केरळात गेला, पुल्लुवळीच्या त्या घरी. वृद्ध आईबाप तेव्हा हयात होते. त्यांनी त्यास घरात घेतले.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारियांस कॅथलिक मंडळीने 'धन्य' म्हणून घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी होय. अशा सोहळ्यांसाठी लोक रोमला जातात. हा सोहळा इंदुरात झाला. आपल्यापैकी किती जणांस त्याची वार्ता लागली कोण जाणे. शहर मोठे झाले की शेजारची गोष्टही दुसऱ्या गावची वाटू लागते.

समंदर सिंग पुढे आपल्या गावी शेती करू लागला. उदयनगरास राणी मारियांच्या कबरीपाशी तो जात असे, आणि सेल्मी पॉल त्यास भाऊच म्हणत.